शिमग्याची पुनव आणि सुएझचे जहाज

मराठी शिकवणाऱ्या माणसाने जहाजांविषयी लेख लिहावा, हे वाचकांना जरा विपरीत वाटेल. मला स्वतःलाही वाटते. माझा आणि समुद्राचा संबंध म्हणजे चौपाटीवरची भेळ आणि भरतीच्या वेळी भिजलेली विजार, एवढ्यापुरताच! पण २०२१ सालच्या मार्च महिन्यात आमच्या घरात एक अघटित घडले. शेजारचे निवृत्त ओव्हरसियर धरून आम्ही सहा माणसे. त्या सहा जणांनी सलग सहा दिवस एक जहाज ओढले. जहाज चारशे मीटर लांब, त्याचा मुक्काम सुएझच्या कालव्यात, आणि आम्ही मुंबईच्या उपनगरात, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत!

हसू नका. आमचे एक माणूस त्या जहाजामागे अडकले होते.

आक्काचा फोन

चिपळूणहून आक्काचा फोन आला तो बुधवारी संध्याकाळी.

"अरे, सुएझमध्ये कसलं जहाज आडवं झालंय म्हणे. ते कधी निघेल रे?"

आक्काने हे इतक्या विश्वासाने विचारले, की जणू जहाजाची किल्ली माझ्याच खिशात होती. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, एका मालवाहू बोटीवर सेकंड ऑफिसर. साथीच्या त्या दिवसांत बंदरेच्या बंदरे खलाशांना उतरू देत नव्हती. जगभर लाखो दर्यावर्दी करार संपून गेल्यावरही बोटीवरच अडकले होते. आमच्या भाच्याला बोटीवर अकरा महिने झाले होते. मधल्या काळात त्याला मुलगी झाली होती. ती आता पाच महिन्यांची होती आणि बापाने तिला फोनच्या काचेतूनच काय ते पाहिले होते. कालवा ओलांडला की युरोपातल्या बंदरात त्याची सुटका ठरलेली. आणि कालव्याच्या तोंडाशी येऊन त्याच्या बोटीने नांगर टाकला होता, कारण पुढे वाट बंद!

"कंपनी म्हणतेय, फार दिवस लागणार असतील तर बोट परत फिरवून आफ्रिकेला वळसा घालू," आक्का म्हणाली. "म्हणजे आणखी महिना. तू शिकलेला आहेस, जरा नीट चौकशी करून सांग."

आता मी शिकलो ते संतवाङ्मय! पण थोरल्या बहिणीला 'मला ठाऊक नाही' असे सांगण्याची आमच्या घराण्यात रीत नाही. मी चौकशीला लागलो.

नेमके झाले काय?

त्या जहाजाचे नाव 'एव्हर गिव्हन'. अंगावर मात्र पुरुषपुरुष उंचीच्या अक्षरांत 'एव्हरग्रीन' असे कंपनीचे नाव, म्हणून अनेक जण त्यालाच जहाजाचे नाव समजत. जहाज २०१८ साली जपानमध्ये बांधलेले, मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, व्यवस्था पाहणारी जर्मन, निशाण पनामाचे, आणि वरचे पंचवीसही खलाशी आपले भारतीय! 'वसुधैव कुटुंबकम्' याला इतके चोख उदाहरण मला वर्गात कधी सापडले नव्हते.

लांबी ४०० मीटर, रुंदी ५९ मीटर. वर सुमारे १८,३०० लोखंडी पेट्या, म्हणजे कंटेनर. हे धूड २३ मार्चच्या सकाळी दक्षिणेकडून कालव्यात शिरले. मोसम खमसीनचा. खमसीन म्हणजे अरबीत पन्नास. वसंतातल्या पन्नासेक दिवसांत वाळवंटावरून जे धुळीचे वारे सुटतात त्यांचे हे नाव. सकाळी पावणेआठच्या सुमारास असा वारा जहाजाला बाजूने भिडला. पेट्यांची ती उंच भिंत म्हणजे शीडच की! शीड हवे तेव्हा उतरवता येते, ही भिंत कशी उतरवणार?

शिवाय भाच्याने फोनवर आणखी एक गोष्ट समजावून दिली. "मामा, अरुंद कालव्यात मोठी बोट एका काठाजवळ गेली, की बोट आणि काठ यांच्यामधलं पाणी जोरात धावतं, त्याचा दाब कमी होतो. मग पिछाडी त्याच काठाकडे ओढली जाते आणि नाळ दुसरीकडे वळते. एकदा असं झालं की सुकाणू ऐकेनासं होतं."

कालवा त्या जागी सुमारे तीनशे मीटर रुंद, जहाज चारशे मीटर लांब. मग दुसरे काय होणार? ओढ्यात ओंडका तिरपा अडकावा तसे ते अडकले. नाळेच्या पुढचा, पाण्याखालचा गोल फुगीर भाग पूर्वेच्या काठात घुसला आणि पिछाडी पश्चिमेच्या काठाला टेकली. १८६९ साली खुला झालेला हा १९३ किलोमीटरचा कालवा. जगाच्या व्यापारापैकी सुमारे बारा टक्के माल त्यातून जात होता, रोज पन्नासेक जहाजे. ते सारे एका क्षणात थांबले. बाहेर रांग लागली आणि त्या रांगेत आमचे एक माणूस होते.

सहा डोकी, सहा युक्त्या

आमच्या गॅलरीत मग रोज संध्याकाळी सभा भरू लागली.

पहिली युक्ती आमच्या कन्येची. वय वर्षे दहा. "बाबा, बॉम्ब लावून उडवून द्या ना ते!" तिला समजावून सांगितले, की बाळे, उडवलेले जहाज नाहीसे होत नाही, ते तिथेच बुडते. १९५६ साली इंग्लंड, फ्रान्स आणि इस्राएल यांनी इजिप्तवर चाल केली, तेव्हा इजिप्तने आपणहून कालव्यात जहाजे बुडवली होती. ती काढून वाट मोकळी व्हायला १९५७ चा एप्रिल उजाडला. गंमत अशी, की ती बुडालेली जहाजे काढणाऱ्यांत स्मिट ही जी डच कंपनी होती, तिचीच माणसे याही वेळी गुरुवारी सुएझला हजर झाली.

दुसरी युक्ती माझी. मी म्हटले, "शेजारून दुसरा कालवा खणावा." त्यावर ओव्हरसियर इतके सौम्यपणे हसले, की मी उरलेली सभा श्रोत्याच्या भूमिकेत काढली. त्यांनी उभी हयात पाटबंधारे खात्यात काढलेली. ते म्हणाले, "प्रोफेसर, तशी जोडवाट तिथं आहे. २०१५ साली पस्तीस किलोमीटरचा नवा कालवा खणलाय त्यांनी. पण तो वर उत्तरेला. हे जहाज अडकलंय ते दक्षिणेच्या एकेरी वाटेत."

तिसरी युक्ती अकरावीतल्या चिरंजीवांची. हेलिकॉप्टरने पेट्या उचलाव्यात, जहाज हलके करावे. कल्पना वाईट नव्हती. पण जगातली सर्वांत थोर हेलिकॉप्टरे वीस टनांच्या आसपास उचलतात आणि भरलेली मोठी पेटी तीस टनांपर्यंत जाते. मग तरंगत्या क्रेनने? पेट्यांचा वरचा थर पाण्यापासून पन्नास मीटरच्या वर. एवढ्या उंच हाताची क्रेन आधी तिथे आणायला हवी. चिरंजीवांनी वही काढून हिशेब मांडला. जहाज पाण्यावर जेवढी जागा व्यापते ती ढोबळ मानाने वीस हजार चौरस मीटर. म्हणजे जहाज एक सेंटिमीटर वर यायला हवे असेल, तर त्यावरून दोनशे टन उतरवले पाहिजेत. वीस टनांची पेटी धरली तर दहा पेट्यांना एक सेंटिमीटर! दीड फूट उचलायचे, तर साडेचारशे पेट्या. तासाला चार या वेगाने रात्रंदिवस चालवले, तरी पाच दिवस.

चौथी युक्ती ओव्हरसियरांची, अगदी त्यांच्या खात्याची: "गाळ उपसा." नाळेजवळ माती उकरणाऱ्या एका पिवळ्या यंत्राचे छायाचित्र तेव्हा जगभर गाजत होते. डोंगरापुढे मुंगी उभी राहावी तसे ते दिसे आणि लोक पोट धरधरून हसत. ओव्हरसियर मात्र हसले नाहीत. "काठावरचं दगडी पिचिंग आणि वरची माती त्याच यंत्रानं काढावी लागते," ते म्हणाले. "तोवर पाण्यातल्या ड्रेजरला नाळेच्या जवळ जाता येत नाही. हसणाऱ्यांनी कधी फावडं धरलेलं दिसत नाही."

पाचवी युक्ती सौभाग्यवतींची. ती कणीक मळता मळता आतून म्हणाली, "हातात बांगडी अडकली तर ओढतं का कुणी? साबण लावायचा, हात वर धरायचा, आणि बांगडी जरा जरा फिरवायची. ओढली की फुटते."

सभा स्तब्ध झाली. कारण त्याच दिवशी वाचलेली तज्ज्ञांची भीती हीच होती. जहाजाची दोन्ही टोके काठांवर टेकलेली, मधला भाग पाण्याच्या आधारावर. पाणी उतरले की मधला आधार कमी होतो आणि दोन विटांवर ठेवलेल्या फळीसारखा मधल्या भागावर ताण येतो. अशा जहाजाला नुसते हिसडे देणे धोक्याचे. टग बोटी काय करत होत्या? काही एका टोकाला ढकलत होत्या, काही दुसऱ्या टोकाला ओढत होत्या. म्हणजे बांगडी फिरवत होत्या!

आईचे गलबत

सहावे मत आईचे. दोन दिवस ती काही बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले आणि म्हणाली, "जहाज रुतलं तेव्हा अष्टमी नुकतीच होऊन गेलेली. भांगाचं पाणी! भांगाला ओढून काय होणार? पुनव आहे रविवारी. शिमग्याची. तोवर खणा म्हणावं, आणि पुनवेला ओढा."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात, भरती मोठी येते. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात ओढतात, भरती दुबळी होते. तो भांग. मी वीस वर्षे मराठी शिकवतो, पण 'आनंदाला उधाण आले' यापलीकडे त्या शब्दाचा मला उपयोग ठाऊक नव्हता.

आईचे माहेर दाभोळच्या खाडीकाठी. ती आठ-नऊ वर्षांची असताना कौले भरलेले एक गलबत खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर चढून बसले होते. "सगळा गाव काठावर गोळा झाला. प्रत्येकाचं काहीतरी सांगणं होतंच. पण तांडेल म्हातारा होता. तो कुणावर ओरडला नाही, की घाईही केली नाही. पहिल्या दिवशी त्यानं अर्धी कौलं होड्यांत उतरवली. मग रोज ओहोटीला माणसं फावडी घेऊन कण्याखालची वाळू उपसायची. भरती आली की वाळू परत यायची, की दुसऱ्या दिवशी पुन्हा उपसायची. नांगर होडीत घालून लांब खोल पाण्यात नेऊन टाकला होता. आणि पुनवेच्या रात्री, भरती माथ्यावर आली तेव्हा, सगळ्यांनी मिळून नांगराचा दोर ओढला. आधी पिछाडी हलली. मग सरळ झालं."

"आणि तेवढे दिवस खलाशी?"

"ते गलबतावरच. एकाची बायको रोज काठावर येऊन बसायची. मी तिच्याशेजारी बसायची," आई म्हणाली आणि उठून आत गेली.

आता चिरंजीवांच्या हिशेबाकडे पुन्हा पाहा. एका सेंटिमीटरला दोनशे टन! म्हणजे भांगापेक्षा पाणी नुसते वीतभर जास्त चढले, तरी चार-साडेचार हजार टनांचा भार जमिनीवरून पाण्यावर जाणार. त्या दिवसांत सुएझकडे निघालेल्या एका बलदंड डच टगचा जोर होता २८५ टन. वर उचलणे आणि आडवे ओढणे या निराळ्या गोष्टी, हे मला कळते. पण चंद्राच्या ताकदीची कल्पना यावी म्हणून सांगितले. कालव्याला कुठे दरवाजे नाहीत. दक्षिण टोकाला तांबड्या समुद्राची भरती सरळ आत येते. आणि त्या पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या बराच जवळ होता.

मी आक्काला फोन केला. "पुनवेपर्यंत थांबा म्हणावं. आई सांगतेय."

आक्का क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आई सांगत असेल तर ठीक."

धुळवडीची बातमी

२८ मार्चला होळी. साथीमुळे त्या वर्षी आमच्याकडे होळीच्या समारंभांना मनाई होती. आईने गॅसच्या शेगडीलाच हळदकुंकू वाहिले आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला.

तोवर सुएझला काय काय झाले होते? 'मशहूर' नावाच्या ड्रेजरने नाळेजवळची सुमारे तीस हजार घनमीटर वाळू अठरा मीटर खोलीपर्यंत उपसली होती. जहाजाच्या टाक्यांतले तोल राखण्याचे पाणी, सुमारे नऊ हजार टन, बाहेर टाकले होते. वहीतल्या हिशेबाने हे पंचेचाळीस सेंटिमीटर झाले, आणि तेही एक पेटी न उतरवता! पेट्या उतरवण्याची तयारी ठेवण्याचा हुकूमही सुटला होता, पण ती वेळ आली नाही. डझनभर टग दोन्ही टोकांना लागल्या होत्या. म्हणजे ओझे कमी करणे, गाळ उपसणे, फिरवत फिरवत सोडवणे आणि उधाणाची वाट पाहणे, हे सारे चालू होते. आमच्या गॅलरीतल्या सहांपैकी चार युक्त्या तिथे कामाला लागल्या होत्या. बॉम्ब आणि माझा कालवा तेवढा बाद!

सोमवारी, धुळवडीच्या पहाटे, पिछाडी सुटली. काठापासून चार मीटरवर असलेली पिछाडी एकशे दोन मीटरवर गेली. नाळ मात्र अजून धरून होती. दिवसभर घरात कुणी कुणाशी धड बोलले नाही. इजिप्तच्या घड्याळात दुपारचे तीन वाजून गेले, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, आणि नाळही सुटली. जहाज सरळ झाले. बंदरातल्या बोटींचे भोंगे वाजू लागले, ते आम्ही चिरंजीवांच्या फोनवर ऐकले. ओव्हरसियरांनी, साथीचे नियम क्षणभर विसरून, माझ्या कपाळाला गुलालाचे बोट लावले.

बाहेर तेव्हा चारशेंवर जहाजे थांबली होती. ती रांग संपायला ३ एप्रिल उजाडला. त्याच्या आदल्या दिवशी भाच्याचा फोन आला. "मामा, नांगर उचलला. आजीला सांगा."

आईला सांगितले. ती "बरं झालं" म्हणाली आणि निवडायचे तांदूळ पुढे ओढले. तिचे हात मात्र थरथरत होते.

दुसरा गाळ

इथे लेख संपवला असता तर गोड झाला असता. पण भाचा मे महिन्यात घरी आला, लेकीला त्याने पहिल्यांदा उचलून घेतले, ती त्याला पाहून रडली, हे सारे फोनवर पाहून झाल्यावर आईने विचारले, "आणि त्या जहाजावरची ती पंचवीस पोरं? ती गेली का घरी?"

खरे सांगतो, आम्ही त्यांना विसरलो होतो. आमचे माणूस सुटले होते ना!

ती गेली नव्हती. वाळूतून निघालेले जहाज ग्रेट बिटर लेक या कालव्यातल्याच सरोवरात नेऊन उभे केले होते. कालव्याच्या प्राधिकरणाने आधी एक्क्याण्णव कोटी साठ लाख डॉलरची भरपाई मागितली, ती पुढे पंचावन्न कोटींवर आणली. कोर्टाने जहाज अडकवून ठेवले. काही थोड्यांना घरी जाऊ दिले, बाकीचे जहाजावरच राहिले. हे सरोवरही मोठे दुर्दैवी. १९६७ च्या युद्धात इथे अडकलेली जहाजे आठ वर्षांनी, १९७५ साली मोकळी झाली होती.

"तिथं उधाणाचा उपयोग नाही, आई," मी म्हटले. "हा कागदांचा गाळ आहे."

"मग तो उपसायलाही माणसं लागतील," आई म्हणाली. "कुणीतरी उपसत असेल ना?"

उपसत होते. वकील, विमा कंपन्या, खलाशांच्या संघटना. छायाचित्रे निघावीत असे ते काम नव्हते. ७ जुलैला समझोता झाला आणि जहाज समुद्राकडे निघाले. कालव्यात शिरल्यापासून साडेतीन महिने होऊन गेले होते. पुढे इजिप्तने दक्षिणेकडचा तो तीस किलोमीटरचा पट्टा पूर्वेच्या अंगाला चाळीस मीटरने रुंद केला आणि खोलही केला. म्हणजे ओव्हरसियरांच्या भाषेत, पुढच्या वेळची बांगडी थोडी सैल झाली.

त्या ७ जुलैच्या संध्याकाळी मी आईला बातमी वाचून दाखवली. तिने सवयीने दिनदर्शिकेकडे पाहिले, बोटांवर काही मोजले आणि समाधानाने मान हलवली.

"अवस दोन दिवसांवर आलीय," ती म्हणाली. "पाणी चढायला लागलं असेल."